मुहूर्ताचा समुद्र

परभणीत आता समुद्र मिळतो. आठ दिवसांत, फिटिंगसकट, निळ्या लाइटसकट. खरा समुद्र बघायचा तर आपल्याला देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून मुंबई गाठावी लागते. पण दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये, साड्यांच्या शोरूममध्ये, नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवायची टूम निघाली आहे. तिला माझी हरकत नाही. माणसानं हौस करावी. गोदाकाठच्या माणसाला प्रवाळाचं वेड लागू नये असा कुठे नियम नाही. माझी हरकत तारखेला आहे. पेटी यायच्या आधी तारीख आलेली असते. गुरुवारी वास्तुशांती, म्हणून मंगळवारी पेटी, बुधवारी पाणी आणि बुधवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मासे. गुरुवारी भटजी, आमदार आणि क्लाउनफिश असे तिघेही वेळेवर हजर.

पुढचं ठरलेलं असतं. पाहुणे काचेला नाक लावून 'निमो, निमो' करतात. पोरं फोटो काढतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे वरच्या थराला येऊन धापा टाकू लागतात, कल्ले लाल दिसतात, अन्नाकडे बघत नाहीत. मालकाला वाटतं, नवीन जागा आहे, रुळतील. आठवड्याभरात रुळायला कुणी उरत नाही. दुकानदाराला फोन जातो. तो अनुभवी असतो. "पाणी सूट झालं नाही सर. माल जरा वीक होता. दुसरा लॉट पाठवतो, काय टेन्शन नका घेऊ." माशाला आमच्याकडे माल म्हणतात, आणि मेल्यावर तो वीक असतो. जिवंत असताना वीक असलेला माल मी अजून कुठल्या दुकानात पाहिलेला नाही.

दुसऱ्या लॉटनंतर लोक मला फोन करतात. या छंदात मुरलेला माणूस म्हणून माझं नाव चारचौघांत घेतलं जातं, त्याची ही शिक्षा. मी एकच विचारतो: अमोनिया किती आहे? पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "पाणी तर काचेसारखं स्वच्छ आहे हो."

ज्या जिल्ह्यात युरियाच्या पोत्यासाठी पहाटेपासून रांगा लागतात, त्या जिल्ह्यात अमोनिया समजावून सांगावा लागतो, ही कमाल आहे. शेतात युरिया टाकला की जमिनीतले जीवजंतू त्याचा अमोनिया करतात, दुसरे त्याचं नायट्राइट करतात, तिसरे नायट्रेट. आणि ते नायट्रेट कापूस उचलतो. काळ्या मातीत हा कारखाना पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, म्हणून तो कुणाला दिसत नाही. विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. तुमच्या पेटीत नेमकं हेच चालायला हवं. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. समुद्रात तो अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. तुमच्या दोनशे लिटरच्या पेटीत तो माशाच्या अंगावर परत येतो. त्यात समुद्राच्या पाण्याचा पीएच असतो ८.१ ते ८.३, आणि पीएच जितका चढा, पाणी जितकं गरम, तितका अमोनियाचा विषारी हिस्सा मोठा. म्हणजे गोड्या पाण्याच्या पेटीत जी ढिलाई एखादा गप्पी सोसतो, ती इथे सोसली जात नाही. आणि हे सगळं घडतं काचेसारख्या स्वच्छ पाण्यात. अमोनियाला रंग नसतो.

तो खाऊन टाकणारे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते दगडावर, वाळूवर, काचेवर, फिल्टरच्या पोटात चिकटून राहतात. त्यामुळे 'मित्राच्या जुन्या टाकीतलं चार बादल्या पाणी आणून ओतलं' या शहाणपणाचा उपयोग जवळपास शून्य. शिवाय ते सावकाश वाढतात. कुजवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांना दुप्पट व्हायला अर्धा दिवस, एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. म्हणून पेटी मुरायला चार ते सहा आठवडे. कोरड्या दगडावर सुरुवात असेल तर आणखीही. हा आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नाही आणि पैसे देऊन तो कमी होत नाही. परभणीच्या बड्या माणसाला नेमकं हेच सहन होत नाही. ज्याच्या फोनवर तलाठी हलतो, त्याच्या फोनवर जिवाणू हलत नाहीत.

खरी रीत अगदी साधी आहे आणि भयंकर कंटाळवाणी आहे. आधी पाणी. आमचं बोअरचं पाणी बेसाल्टच्या पोटातून येतं, क्षारांनी जड, आणि शेतातल्या खतांचं नायट्रेट त्यात आयतं मिसळलेलं. ते चालत नाही. घरचा पिण्याचा आरओही पुरत नाही. त्याच्यापुढे डीआय, म्हणजे उरलेसुरले क्षार काढणारं, रेझिन लावून टीडीएस शून्यावर आणावा लागतो. (वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, भांड्यांना वापरा, लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, ते आपल्या शेजारीच.) त्यात समुद्री क्षारांचं तयार मिश्रण, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरला सात किलो. खडे मीठ नव्हे, आयोडीनयुक्त तर नव्हेच. एका गृहस्थांनी किराणा दुकानातून मिठाच्या पुड्या आणल्या होत्या. त्यांच्या पेटीला समुद्र म्हणण्यापेक्षा लोणच्याची बरणी म्हणणं प्रामाणिकपणाचं झालं असतं. मग दगड, वाळू, पंप, आणि मासा एकही नाही. अमोनिया बाहेरून द्यायचा: शुद्ध अमोनियम क्लोराइड. नाव ऐकून घाबरू नका, कल्हईवाल्याकडचा नवसागर तो हाच. हातभट्टीवालेही तो वापरतात, म्हणून पोलिसांनाही माहीत आहे. माहीत नाही तो फक्त ॲक्वेरियमवाल्यांना. पेटीसाठी मात्र बाजारातला मळका नको, प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्यायचा. तो लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया होईल इतका टाकायचा आणि टेस्ट किटनं मोजत बसायचं.

काही दिवस काहीच होत नाही. मग अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. ते चढलेलंच राहतं. हे सगळ्यांत नीरस आठवडे. समुद्राच्या पाण्यात नायट्राइट गोड्या पाण्याइतकं मारक नसतं, हे खरं. ते शून्यावर येईपर्यंत थांबायचं कारण वेगळं आहे. ते उतरलं नाही म्हणजे जिवाणूंची दुसरी फळी अजून उभी राहिलेली नाही. शेवटी एक दिवस असा येतो की आज टाकलेला अमोनिया उद्या याच वेळेला शून्य आणि नायट्राइटही शून्य. उरलेलं नायट्रेट पाणी बदलून कमी करायचं. तेव्हा कुठे पहिला मासा. पहिला म्हणजे एक. फार तर जोडी. सात नव्हे.

आणि एवढ्यानं पेटी तयार झाली असंही नाही. मग येते ती तपकिरी शेवाळाची साय, तिच्यामागून हिरवे केस, त्यामागून लालसर बुळबुळीत थर. घरातली मंडळी इथे तोंड उघडतात: "एवढे पैसे घालून शेवाळ पाळलं होय?" मालकाचा धीर सुटतो, तो दुकानात जातो, दुकानदार रंगीत बाटली देतो, आणि शेवाळासोबत दोन महिन्यांचे जिवाणूही जातात. खरं तर ही कुरूप अवस्था म्हणजे पेटी कामाला लागल्याची खूण. वाळू हलवा, पाणी बदला, प्रकाशाचे तास कमी करा आणि गप्प बसा. प्रवाळाला तर अमोनिया शून्य एवढ्यानंही भागत नाही. त्याला क्षारता, कॅल्शियम, मॅग्नेशियम आठवड्यामागून आठवडे जागच्या जागी हवं असतं. आकडा बरोबर असून भागत नाही, तो हलता कामा नये. सी-ॲनिमोनी ठेवायला तर वर्षभराच्या पेटीलाही मी जुनी म्हणणार नाही. आणि क्लाउनफिशला पेटीत ॲनिमोनी लागतच नाही. सिनेमात होती म्हणून हवी, एवढंच कारण असेल तर सिनेमाच लावा टीव्हीवर. २००३ चा आहे, अजून चांगला दिसतो.

मला चीड येते ती अडाणीपणाची नाही, घाईची. ही सगळी माणसं शेतकऱ्यांच्या घरातली आहेत. यांच्या बापानं मृगाच्या पहिल्या सरीला कधी तिफण जुंपली नाही. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊ द्या, मग पेरा, असं आमचं कृषी विद्यापीठ दर जूनमध्ये सांगतं. ते विद्यापीठ १९७२ साली आलं, पण जमिनीला वापसा आल्याशिवाय पेरायचं नसतं हे म्हाताऱ्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. मुठीत माती धरायची, दाबायची, गोळा फुटतो का बघायचं. उतावळ्याच्या नशिबी दुबार पेरणी. रिकामी पेटी म्हणजे वापशाची वाट बघणं, दुसरं काही नाही. आणि तरी मी उतावळ्या शेतकऱ्याला माफ करीन. त्याचा हंगाम निघून चाललेला असतो, डोक्यावर कर्ज असतं, ढग पुन्हा येईल याची हमी नसते. तुमचं काय निघून चाललंय डॉक्टर? पेशंट? तुमची दुबार पेरणी बियाण्याच्या पिशवीनं भागत नाही; तिच्यात जीव जातात, आणि ते जीव कुणीतरी समुद्रातून धरून आणलेले असतात.

कारण गोड्या पाण्याचे शोभेचे मासे बहुतेक तळ्यात वाढवलेले असतात, पण समुद्री मासे बहुतेक आजही प्रवाळांतून पकडलेले असतात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात सुरू झालेली आणि पुढे इंडोनेशियात पसरलेली, सायनाइडची पिचकारी मारून मासे गुंगवायची पद्धत बदनाम आहे. मासा गुंगतो, मागचं प्रवाळ मरतं. क्लाउनफिशची गोष्ट बरी आहे. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनं त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, आणि नीट ठेवला तर हा मासा वीस वर्षंही जगतो. तो निळा ब्लू टँग, पोरांची 'डोरी', मात्र बंदिस्त पाण्यात पहिल्यांदा वाढवता आला तो २०१६ साली, फ्लोरिडात. तीन फुटी पेटीत तो ठेवणं म्हणजे घोड्याला न्हाणीघरात बांधणं. पण दुकानात तो निळा दिसतो, म्हणून जातो.

आता मुख्य गोष्ट, जी कुणी बोलत नाही. परदेशातले व्हिडिओ बघून लोक मला सांगतात की तिकडे दोन आठवड्यांत पेटी लागते. लागते. कारण ते समुद्रातून काढलेला जिवंत दगड वापरतात, म्हणजे जुन्या प्रवाळाचा सांगाडा, जिवाणूंनी आणि किड्यामुंग्यांनी आधीच भरलेला. जकार्तात ली चिन एंग यांनी १९६० च्या सुमारास हीच युक्ती वापरून भल्याभल्यांना न जमणाऱ्या पेट्या जगवल्या. पण आपल्याकडे? दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, मोठे ट्रायडॅक्ना शिंपले हे सगळं २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेलं. वाघाच्या रांगेत. किमान तीन वर्षांची कैद. बाहेरून आणलेल्या दगडी प्रवाळालाही साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराचे कागद लागतात. तेव्हा मालवणच्या किंवा रामेश्वरच्या पाण्यातला जिवंत दगड जेव्हा 'सर, तुमच्यासाठी खास' म्हणून थर्माकोलच्या डब्यातून परभणीत उतरतो, तेव्हा तुम्ही वेळ विकत घेत नसता, चोरीचा माल घेत असता. भारतात प्रामाणिकपणे पेटी लावायची म्हणजे कोरड्या किंवा सिरॅमिकच्या दगडापासून, शून्यापासून. म्हणजे आपल्याला तिकडच्यापेक्षा जास्त थांबायचं आहे. घाई करायची असेल तर दोनच वाटा उरतात, मारायचं किंवा चोरायचं. आणि बरेच जण दोन्ही करतात.

सरकारबद्दल फार बोलू नये. २०१७ साली केंद्रानं मत्स्यपेट्या आणि दुकानांसाठी नियम काढले, न ठेवायच्या माशांची लांबलचक यादी काढली, व्यापारी ओरडले, नियम मागे गेले.

हे वेड आजचंही नाही. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं मत्स्यघर उघडलं, फिलिप हेन्री गॉस नावाच्या निसर्गवेड्यानं पुस्तकं लिहिली, आणि इंग्लंडभरच्या सभ्य स्त्री-पुरुषांनी बादल्या घेऊन किनाऱ्यावरची खडकातली डबकी ओरबाडून नेली. गॉसच्या मुलानं १९०७ साली त्या उजाड खडकांबद्दल हळहळ लिहून ठेवली. त्या साहेबांच्या काचपेट्याही बऱ्याचदा नासत. त्यांना जिवाणूंचं गणित माहीत नव्हतं, विनोग्राड्स्की अजून जन्मायचा किंवा पाळण्यात होता. तुमच्या खिशात फोन आहे.

परभणीला यापुढचीही एक परीक्षा आहे. प्रवाळाच्या पेटीला २४ ते २७ अंश पाणी लागतं. आमचा मे महिना त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, आणि काही हिवाळ्यांत विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. म्हणजे चिलरही हवा आणि हीटरही. समुद्रात उन्हाळ्यातल्या सरासरीपेक्षा एक-दोन अंश पाणी काही आठवडे तापलं की प्रवाळ पांढरं पडतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या चौथ्या विरंजनाची घोषणा केली ती याचीच. एक-दोन अंश! आणि आपल्या हॉलचा एसी पाहुणे गेले की बंद होतो. लाइट गेली की पंप थांबतो, गरम पाण्यात मुळात प्राणवायू कमी, मासे तासांच्या हिशेबात जातात. उन्हाळ्यात पेटीतून रोज लिटर-दोन लिटर पाणी उडतं; मीठ उडत नाही. ती घट गोड्या शुद्ध पाण्यानं भरायची असते. नोकर खारं पाणी ओततो, कारण 'समुद्र आहे ना साहेब', आणि महिन्याभरात पेटीचा मृत समुद्र होतो.

म्हणून माझा हट्ट आहे की परभणीत पेटी चैत्रात भरावी आणि अख्खा मे महिना रिकामी चालवावी. जिवाणूंसाठी तर हवंच, पण त्याहून अधिक मालकासाठी. इन्व्हर्टर किती वेळ पंप ओढतो, चिलर दुपारी चार वाजता टिकतो का, लग्नाला चार दिवस गावी गेल्यावर पाणी कोण भरतं, हे सगळं मासा नसताना कळू द्या. पेटी मेमध्ये नापास झाली तर नुकसान विजेच्या बिलाचं. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे आपण आपल्या शहराबद्दल हसत म्हणतो, तो आपला हक्क आहे. दुसऱ्याच्या जिवावर म्हणू नये.

बाटलीतल्या जिवाणूंबद्दल विचारायला येणाऱ्यांसाठी: होय, काही बाटल्यांत खरे जिवाणू असतात आणि ते काही आठवडे वाचवूही शकतात. पण ती बाटली मे महिन्यात ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून आली आणि पत्र्याखालच्या फळीवर सहा महिने बसली, तर आत जिवंत काय उरलं हे लेबल सांगत नाही. सांगतं ते टेस्ट किट. त्याची किंमत पेटीच्या मानानं किरकोळ असते आणि तरी ते कुणी घेत नाही, कारण ते हॉलमध्ये दिसत नाही.

आणि मासा आला, की त्याची पिशवी तासभर उघडी ठेवून थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्यांना हात जोडून विनंती. मुंबईहून रात्रभर आलेल्या बंद पिशवीत अमोनिया साचलेला असतो, पण कर्बवायूमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून तो थोडा दबून असतो. पिशवी उघडली की कर्बवायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. तुम्ही प्रेमानं तासभर माशाला विषात बसवता. तापमान जुळवा, मासा त्या पाण्यातून काढा, आणि मुख्य पेटीत नव्हे, वेगळ्या साध्या टाकीत काही आठवडे ठेवा. इथेही थांबायचंच आहे, माफ करा.

हे सगळं मी शहरातल्या एका दुकानदाराला शांतपणे सांगितलं. म्हटलं, पेटी आणि मासे एका बिलात विकू नका. पेटी द्या, सोबत टेस्ट किट द्या, आणि अमोनिया-नायट्राइट शून्य दाखवल्याशिवाय मासा देऊ नका. दुकानाला चार पैसे उशिरा मिळतील, पण गिऱ्हाईक दहा वर्षं टिकेल. आत्ता तो तिसऱ्या लॉटनंतर पेटी रिकामी करून तिच्यात जुने बूट ठेवतो. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला.

"पटतंय सर तुमचं," तो म्हणाला. "पण मी नाही दिले तर गिऱ्हाईक नांदेडला जातंय."

"जाऊ द्या की," मी म्हणालो. "मेलेले मासे नांदेडच्या हिशेबात लागतील."